रुखवतातली बटणं

एका वाचक ताईंचं पत्र, ओळख पटेल असे तपशील गाळून:

ताई पुण्यातल्या एका कंपनीत डिझाइन विभाग सांभाळतात. कंपनी शेतीकर्जाच्या धंद्यात आहे. शेतकऱ्यासाठी एक ॲप, कृषी सेवा केंद्रवाल्यांसाठी दुसरं, गावोगाव फिरणाऱ्या अधिकाऱ्यांच्या टॅबलेटवर तिसरं, आणि ऑफिसात बसून अर्ज तपासणाऱ्यांसाठी वेबवरचं चौथं. पाच टीम, चार डिझायनर, तीसेक डेव्हलपर. ‘प्रत्येक टीम आपापलं बटण बनवत बसते म्हणून आपण मागे पडतो’ हे वरिष्ठांना पटवून ताईंनी डिझाइन सिस्टिमसाठी, म्हणजे सगळ्या टीमनी वापरायच्या तयार भागांच्या आणि नियमांच्या सामायिक लायब्ररीसाठी, चार महिने मागून घेतले. फिग्मा या डिझाइनच्या साधनात ६४ कंपोनंट (बटण, रकाना असे स्क्रीनचे तयार भाग) आखून झाले, त्यांतले ११ कोडमध्ये उतरले. आज ते नेमानं वापरणारी टीम एकच. भर मीटिंगमध्ये एक सीनियर डेव्हलपर म्हणाला, “ही लायब्ररी म्हणजे सासरची शिस्त आहे, मदत कमी आणि टोमणे जास्त.” ते ताईंना फार लागलं. आता वरिष्ठांना दिवाळीपर्यंत दीडपट वेग दिसायला हवा आहे. ताई विचारतात: वापर सक्तीचा करून घेऊ का? की हे गुंडाळून बाजारातली एखादी तयार सिस्टिम घेऊ? आणि हे माझंच चुकलं का?

ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, म्हणजे तो डोक्यातून जाईल आणि पुढचं शांतपणे वाचता येईल. हो, चुकलं. पण या धंद्यातल्या बहुतेकांचं जिथे चुकतं तिथेच चुकलं. माझंही तिथेच चुकलं होतं.

तुम्ही जोडलेली फाइल मी तासभर बघत होते. काम देखणं आहे. नावं शिस्तीत, रंग जुळवलेले, एकेका बटणाच्या सहा-सहा अवस्था आखलेल्या. बघता बघता मला लग्नातलं रुखवत आठवलं. टेबलावर लोकरीची तोरणं, सुपारीचे नवरा-नवरी, परातीएवढा चिरोटा. पाहुणे येतात, वा वा करतात, फोटो काढतात आणि जेवायला कॅटररच्या ताटांवर बसतात. रुखवताला कसब लागत नाही असं कोण म्हणेल? पण मुलगी ज्या घरी जाणार तिथे रोज काय रांधतात हे विचारून काही रुखवत करत नाहीत. तुमचे ५३ कंपोनंट अजून कोडमध्ये नाहीत, म्हणजे डेव्हलपरच्या लेखी ती चित्रं. त्याला संध्याकाळपर्यंत स्क्रीन चालती करायची असते, आणि चित्र कितीही सुबक असलं तरी लिहायचं त्याला पहिल्यापासूनच असतं.

आता तुमच्या मूळ वाक्याकडे येते. ‘प्रत्येक टीम आपापलं बटण बनवते म्हणून उशीर होतो.’ हे तुम्ही मोजून म्हटलंत, की सगळे म्हणतात म्हणून? रागावू नका, पण सगळं घर या एका वाक्यावर उभं आहे, म्हणून विचारते. मागच्या तिमाहीतले पाच मोठे बदल घ्या. त्यांची तिकिटं, म्हणजे कामाच्या नोंदी, उघडा आणि प्रत्येक तिकीट कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत कोणापाशी पडून होतं, ते कागदावर लिहून काढा. एका दुपारचं काम आहे.

माझा अंदाज सांगते. जाणता डेव्हलपर बटण अर्ध्या तासात करतो. आठवडे जातात ते भलत्याच गोष्टींत. ओटीपी आलाच नाही तर पुढे काय? सातबाऱ्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळलं नाही तर अर्ज अडवायचा की पुढे सरकू द्यायचा, आणि ते शेतकऱ्याला कोणत्या शब्दांत सांगायचं? रक्कम देवनागरी आकड्यांत दाखवायची की इंग्रजी? (हा शेवटचा प्रश्न मजेशीर आहे. ब्राउझरच्या आकडे मांडणाऱ्या सोयीला मराठी भाषा सांगितली की ती आपणहून देवनागरी आकडे देते, हिंदी सांगितली की इंग्रजी. त्यामुळे कोणी काही ठरवलेलं नसतानाही दोन भाषांत दोन तऱ्हा दिसतात, आणि मग ‘हे कोणी केलं’ यावर मीटिंग भरते.) असले प्रश्न तुमच्या पाचही टीमना पडत असणार. पाच ठिकाणी चर्चा, पाच वेगळी उत्तरं. तुमच्या लायब्ररीत बटणाचे कोपरे किती गोल ते लिहिलंय, पण यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर मला त्यात सापडलं नाही.

एकच उदाहरण जवळून बघू. जन्मतारखेचा रकाना. तुमच्याच स्क्रीनशॉटमध्ये शेतकऱ्याच्या ॲपात कॅलेंडर उघडतं, टॅबलेटवर दिवस-महिना-वर्षाच्या तीन याद्या आहेत, आणि ऑफिसच्या वेबवर एकच रिकामी चौकट. कॅलेंडर उघडतं ते आजच्या महिन्यावर. साठीतला माणूस महिन्याचा बाण दाबत दाबत मागे जायला लागला, तर त्याला तो सातशेच्या वर वेळा दाबावा लागेल. वर टिचकी मारली की वर्षांची यादी उघडते, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. तो मुलाला हाक मारतो. मुलगा घरी नसला की अर्ज तिथेच राहतो.

ब्रिटिश सरकारनं आपली डिझाइन सिस्टिम जून २०१८ मध्ये सगळ्यांसाठी खुली केली. तिच्यात सांगितलंय, की माणसाला पाठ असलेली तारीख विचारायची असेल, तर कॅलेंडर देऊ नका, दिवस, महिना, वर्ष अशा तीन साध्या चौकटी द्या. आपल्याकडे आणखी एक पेच आहे. जुन्या आधार कार्डांपैकी कित्येकांवर नुसतं जन्मवर्ष छापलेलं असतं. दिवस-महिना रिकामा चालेल का? न चालल्यास लोक ठोकून १ जानेवारी लिहितात, ते तुमच्या जोखीम विभागाला चालतं का? हे डिझायनरनं एकट्यानं ठरवायचं नाही. जोखीमवाल्यांना आणि कायदा विभागाला अर्धा तास बोलावून एकदाच ठरवा. मग तो रकाना कोडमध्ये करा, त्याच्या चुकांचे मराठी-हिंदी संदेश लिहा, कधी वापरायचा आणि कधी नाही ते चार ओळींत लिहा, चाचण्या जोडा. असा एक रकाना पाचही टीमच्या पुढच्या मीटिंगा वाचवतो. ६४ चित्रांना ते जमलेलं नाही.

म्हणून माझा पहिला सल्ला: लायब्ररी वाढवणं आजपासून थांबवा. पुढच्या सहा आठवड्यांत खरोखर रिलीज होणारा एखादा प्रवाह, म्हणजे एका कामाच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंतच्या स्क्रीन, निवडा; कर्जाचा नवा अर्ज असेल तर उत्तम. त्या टीममध्ये जाऊन बसा. तिथे जे लागेल तेवढंच करा, तिथल्याच डेव्हलपरच्या हातानं करा, आणि चाललं की ते उचलून सिस्टिममध्ये ठेवा. आधी कळस मग पाया हा क्रम उलटा करायचा आहे. सिस्टिममध्ये काय घ्यायचं याची त्या ब्रिटिश टीमची चाळणी मला आवडते. सूचना आली की आधी दोनच गोष्टी पाहायच्या: हे अनेक सेवांना उपयोगी आहे का, आणि असलेल्याच गोष्टीची नक्कल तर नाही ना. तुमच्याकडे मी साधा नियम करीन. दोन टीमनी मागितलं तर वहीत नोंद, तिसरीनं मागितलं की काम सुरू.

आता सक्ती. सीटीओंकडून, म्हणजे तंत्रविभागाच्या प्रमुखांकडून, फतवा काढून घेता येईल, पण त्यातून काय मिळेल ते सांगते. लोक तुमचा कंपोनंट फाइलमध्ये ओढतील, उजवं क्लिक करून ‘डिटॅच’ करतील, म्हणजे लायब्ररीशी त्याचा धागा तोडतील, आणि मनासारखं रंगवतील. कागदोपत्री वापर वाढेल, स्क्रीन तशाच राहतील, आणि तुम्हाला कळायला सहा महिने लागतील. डिटॅच हा गुन्हा समजू नका. तुम्हाला कोणी न लिहिलेली ती तक्रार आहे. कोणता कंपोनंट सर्वांत जास्त डिटॅच होतो ते शोधा, कंपनीकडे फिग्माचा वरचा प्लॅन असेल तर तो आकडा तिथे तयारच मिळतो, आणि ज्यानं केलं त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसा. “का केलंस?” असं नका विचारू. “काय बसत नव्हतं?” असं विचारा.

सक्तीला माझा सरसकट विरोध नाही. टोकनांना ती जरूर करा. इतर वाचकांसाठी सांगते, टोकन म्हणजे रंग, अंतर, अक्षराचा आकार अशा मूल्यांना दिलेलं नाव. कोडमध्ये रंगाचा आकडा न लिहिता ‘धोक्याचा मजकूर’ असं नाव लिहायचं, आणि ते नाव म्हणजे कुठला लाल ते एकाच जागी ठरवायचं. उद्या तो लाल बदलला की चारही ॲपांत बदलतो. ही कल्पना सेल्सफोर्सच्या डिझाइन टीमकडून रूढ झाली, आणि वेबचे मानदंड ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेच्या एका गटानं अशा फाइली कशा लिहाव्यात याची पहिली स्थिर आवृत्ती ऑक्टोबर २०२५ मध्ये काढली, त्यामुळे आता स्वतःचा वेगळा साचा शोधत बसायची गरज नाही. डेव्हलपरला टोकन वापरायला काही जास्तीचे कष्ट नाहीत. कोणी थेट रंगाचा आकडा लिहिला की कोडची आपोआप होणारी तपासणी त्याला तिथल्या तिथे टोकेल अशी सोय करा, म्हणजे टोकणारी सासू तुम्ही राहणार नाही. मजकूर आणि पार्श्वभूमीतला कॉन्ट्रास्ट किमान ४.५ : १ ठेवणं हेही याच सक्तीत घाला. भर उन्हात बांधावर उभं राहून फिकट राखाडी अक्षरं वाचणं काय असतं, ते एकदा टीमला अनुभवू द्या.

तयार सिस्टिम घेण्याचा विचार वाईट नाही, फक्त ‘सगळं किंवा काहीच नाही’ असा करू नका. कीबोर्डनं फिरणं, अंधांना स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या स्क्रीनरीडरला नीट वाचता येणं, खिडकी उघडल्यावर फोकस कुठे जायला हवा, ही किचकट कामं गूगलची मटेरियल, आयबीएमची कार्बन यांसारख्या सिस्टिममध्ये वर्षानुवर्षं घासून झालेली आहेत. ती पायाला घ्या आणि वर आपला साज चढवा. पण उसनं घेताना देणाऱ्याचे निर्णयही सोबत येतात हे विसरू नका. २५ डिसेंबर २०१८ ला चीनमधली आणि बाहेरचीही अनेक संकेतस्थळं सकाळी उघडली, तर बटणांवर बर्फ साचलेला. अँट डिझाइन या लोकप्रिय लायब्ररीत एकानं नाताळची गंमत म्हणून ते आधीच लपवून ठेवलं होतं. सरकारी आणि बँकेसारख्या गंभीर कामाच्या स्क्रीनवर बर्फ! लायब्ररीवाल्यांना जाहीर माफी मागावी लागली. तुमच्या कर्जवसुलीच्या स्क्रीनवर तसं झालं असतं तर, एवढंच मनात आणून बघा.

आणि तयार सिस्टिम आपल्या भाषेचा विचार करून आलेली नसते. हे थोडं सविस्तर सांगते, कारण तुमचं ॲप मराठीत आहे आणि तुमच्या फाइलीतले सगळे नमुने मात्र इंग्रजीत. इंग्रजी मजकुराला अक्षराच्या १.२ पट ओळउंची खपून जाते. देवनागरीत डोक्यावर रफार आणि वेलांटी एकत्र येतात, पायाशी उकार लोंबतो. वरच्या ओळीत ‘कुटुंब’ आणि खाली ‘पूर्वीचे कर्ज’ आलं की दोन्ही एकमेकांत शिरतात. रकान्याची उंची घट्ट बांधली असेल तर उकार चक्क कापला जातो. मी १.५ पासून सुरुवात करते आणि फॉन्टप्रमाणे कमी-जास्त करते. दुसरं, पानाची भाषा मराठी आहे हे कोडमध्ये सांगितलंत, आणि फॉन्टमध्ये दोन्ही रूपं असली, तरच आपला पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ येतो, नाहीतर हिंदी वळणाचा येतो. हे कोणाच्या तिकिटात कधीच येत नाही. सिस्टिमनं एकदा केलं की सगळ्यांचं होतं. तिसरं, शब्दांची लांबी. इंग्रजीत सहा अक्षरांचं बटण मराठीत तीन शब्दांचं होतं.

या तिसऱ्यावरून माझी फजिती सांगते. काही वर्षांपूर्वी एका विमा कंपनीचं काम करत होतो. आम्ही बटणाच्या आतली दोन्ही बाजूंची मोकळी जागा १२ वरून १६ केली, ‘छोटा बदल’ म्हणून गुरुवारी संध्याकाळी सोडून दिली आणि घरी गेलो. इंग्रजीत काहीच बिघडलं नाही. मराठीत लहान फोनवर ‘अर्ज मागे घ्या’ दोन ओळींत मोडलं, बटण उंच झालं, आणि ‘पुढे जा’ कीबोर्डच्या मागे गेलं. शुक्रवारी दिवसभर कॉल सेंटरचा फोन खाली ठेवला गेला नाही. पुढचा महिनाभर कुठलीही टीम आमची नवी आवृत्ती घ्यायला तयार नव्हती, आणि त्यांचं बरोबर होतं.

तेव्हापासून मी काही नियम सोडत नाही. आवृत्तीचा क्रमांक प्रामाणिक हवा: दिसण्यात किंवा वागण्यात फरक पडणार असेल तर पहिला आकडा वाढतो, मग बदल चार पिक्सेलचा का असेना. जुना कंपोनंट काढायचा तर आधी एक तिमाही सूचना, आणि बदलून द्यायचं काम शक्य तिथे आपण करायचं, नाहीतर निदान स्क्रिप्ट तरी लिहून द्यायची. प्रत्येक कंपोनंटचा सर्वांत लांब मराठी मजकुरासह, सर्वांत स्वस्त फोनवरचा फोटो चाचणीत हवाच. आणि गुरुवारी संध्याकाळी काही सोडायचं नाही.

दिवाळी आणि दीडपट वेग. हा आकडा कुठून आला ते तुम्हीही लिहिलेलं नाही, बहुधा कोणाच्या सादरीकरणातून आला असावा. तो मान्य करू नका, पण नुसतं नाही म्हणून बाहेरही येऊ नका. साहेबांना स्पष्ट सांगा, की पहिले दोन-तीन महिने काम थोडं मंदावेल, कारण तीच माणसं अर्जही करणार आणि सिस्टिमही. त्या बदल्यात दिवाळीपर्यंत दोन गोष्टी दाखवीन: एक संपूर्ण प्रवाह नव्या पद्धतीनं चालू, आणि त्यानंतर दुसऱ्या टीमला तसाच प्रवाह करायला पहिलीपेक्षा किती दिवस कमी लागले. तुमच्याकडे तिकिटांचा तो कागद असेल, त्यामुळे ‘आधी किती लागत होते’ याचं उत्तर तयार असेल. कंपोनंटांची संख्या मात्र कुठल्याही अहवालात घालू नका. ती एकदा घातली की दर महिन्याला वाढवून दाखवावी लागते.

माणसांबद्दल. तुम्ही एकट्या हे ओढताय असं पत्रावरून दिसतं. एक डेव्हलपर पूर्णवेळ मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नका. मिळत नसेल तर सिस्टिमचा आवाका निम्म्यानं कमी करा, तेवढ्यानं काही बिघडत नाही. आठवड्यातून एक तास, समजा बुधवारी चार ते पाच, दार उघडं ठेवा. कोणीही अडलेली स्क्रीन घेऊन यावं, तिथेच सोडवायची. पहिले तीन बुधवार कोणी येणार नाही. चहा मागवून बसून राहा.

आणि तो सासरच्या शिस्तीवाला. भर मीटिंगमध्ये बोलला हे वाईटच, पण गप्प राहून डिटॅच करणाऱ्यांपेक्षा तो मला जवळचा वाटतो. वाक्यातला बोचरा भाग वगळून ऐकलंत, तर तो ‘मदत कमी’ म्हणतोय, ‘मदत नको’ म्हणत नाहीये. त्याला एकट्याला गाठा आणि विचारा, की गेल्या वर्षात पुन्हा पुन्हा लिहून कंटाळा आलाय असं काय आहे. मी पैज लावते, तारखेचा रकाना किंवा फाइल चढवण्याची चौकट यांपैकी काहीतरी निघेल. पहिला कंपोनंट त्याच्याबरोबर करा आणि बदलांच्या नोंदीत त्याचं नाव आधी लिहा.

ज्यांच्याकडे एकच ॲप आणि दोन-तीन डेव्हलपर आहेत, अशा वाचकांनी यातलं फारसं काही करू नये. टोकनांची एक फाइल, रोजचे दहा कंपोनंट आणि चुकांच्या संदेशांची एक यादी पुरे. आठवड्याला उत्पादनच बदलत असतं, तिथे सिस्टिम बांधणं म्हणजे भाड्याच्या खोलीत ओटा पाडून नवा घालणं.

तुमच्या त्या ५३ चित्रांबद्दल विचारायचं तुम्ही टाळलंत, पण ते मनात असणारच. पुसू नका. लायब्ररीतून काढा, म्हणजे डिझायनरना शोधताना ती समोर येणार नाहीत, आणि ‘विचाराधीन’ अशा वेगळ्या फाइलीत ठेवा. एखाद्या टीमला बुधवारी खरोखर टाइमलाइन किंवा टॅब हवे झाले की त्यातून उचला. निम्मं काम झालेलं असेल. तारखेच्या रकान्यात जोखीमवाले नुसत्या जन्मवर्षाला हो म्हणाले का, तेवढं मला कळवा. ते सहज मान्य करतील असं मला वाटत नाही.